टायरवरचा आकडा वाचा, मगच गाडीत माल भरा



रेल्वेत नोकरी करणाऱ्याला भार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. यार्डात उभ्या असलेल्या कोणत्याही वाघिणीकडे पाहा. तिच्या अंगावर रंगाने दोन वजने लिहिलेली असतात. एक तिचे स्वतःचे रिकामे वजन आणि दुसरे तिच्यात भरता येईल त्या मालाचे. जुन्या हिशोबाने बॉक्स-एन वाघिणीचे रिकामे वजन २२.४७ टन आणि वहनक्षमता ५८.८१ टन. दोहोंची बेरीज ८१.२८ टन. चार ॲक्सलांत वाटले की एका ॲक्सलवर बरोबर २०.३२ टन. ही बेरीज योगायोगाने जुळलेली नाही. आधी चाक, ॲक्सल, रूळ आणि पूल किती पेलतील ते ठरले, मग माल किती भरायचा ते ठरले. पुढे २००५ च्या सुमारास ॲक्सलभार वाढवून २२.९ टनांपर्यंत नेला तेव्हाही रूळ, स्प्रिंगा आणि पूल यांचा प्रश्न आपल्या चळवळीने लावून धरला होता. मालगाड्यांसाठी जो स्वतंत्र मार्ग बांधला गेला त्याचा रूळमार्ग २५ टनांच्या हिशोबाने बांधावा लागला, तो ह्याच कारणाने.

आपण बेंगळुरूचे कामगार तर चाकाच्या माहेरघरीच राहतो. येलहंक्याचा चाक व ॲक्सल कारखाना १९८४ साली सुरू झाला. त्यालाच आता रेल व्हील फॅक्टरी म्हणतात. तेथे ओतलेले प्रत्येक चाक क्रमांकासह बाहेर पडते. कोणत्या भट्टीच्या कोणत्या ओतकामातले ते चाक, हे त्याच्यावरच उठवलेले असते. ॲक्सलच्या पोटात केसाएवढी चीर आहे का हे ध्वनिलहरींनी तपासले जाते. एवढे झाल्यावरच ते चाक रुळावर जाते.

हे सर्व आपल्याला पाठ आहे. पण ड्यूटी संपवून आपण ज्या स्कूटरवर बसतो, पोस्टमन बंधू ज्या दुचाकीला पार्सलांची पिशवी बांधतात, टपालाच्या थैल्या ज्या कंत्राटी टेंपोत चढतात, आणि दिवाळीला ज्या मोटारीतून आपण बेळगाव-कोल्हापूरकडे निघतो, त्या वाहनाच्या टायरवर काय लिहिले आहे हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? तेथेही वाघिणीसारखाच आकडा असतो. तो रंगाने लिहिलेला नसतो, काळ्या रबरावर काळ्याच अक्षरांत उठवलेला असतो. म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही.

ह्या अंकातले हे पान आम्ही त्या आकड्यासाठी दिले आहे. वेतन आयोग आणि बदल्या यांच्या गर्दीत हा विषय कोणाला किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरचा माणूस रस्त्यावर गेला त्याला तो किरकोळ वाटत नाही.

आकडा कसा वाचावा

एखाद्या मोटारीच्या टायरवर "१६५/८० आर १४ ८५ टी" असे लिहिलेले आहे असे समजा. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. येथपर्यंतचे आकडे दुकानदार सांगतो, कारण ते जुळले नाहीत तर टायर रिमवर चढतच नाही. पण पुढचे ८५ आणि 'टी' हे सहसा कोणी सांगत नाही. खरी गोष्ट तेथेच आहे.

८५ हा भार-निर्देशांक. त्याचा अर्थ ८५ किलो नव्हे. हा एका ठरलेल्या तक्त्यातील क्रमांक आहे आणि ८५ क्रमांकासमोर त्या तक्त्यात ५१५ किलो लिहिलेले आहे. म्हणजे हा एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलेल. आपल्या उपयोगाचे काही क्रमांक येथे देतो, कापून घरी ठेवावेत: ५० म्हणजे १९० किलो, ५३ म्हणजे २०६, ६० म्हणजे २५०, ७४ म्हणजे ३७५, ७९ म्हणजे ४३७, ८५ म्हणजे ५१५, ९१ म्हणजे ६१५, आणि १०० म्हणजे ८०० किलो. क्रमांक थोडासा वाढला तरी वजन पुष्कळ वाढते, हे ह्या यादीवरून ध्यानात येईल. म्हणूनच "आकडा दोन-चारने कमी आहे, चालते हो" असे जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शेवटचे अक्षर वेगाचे. 'जे' म्हणजे ताशी १००, 'पी' म्हणजे १५०, 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९० किलोमीटर. भार आणि वेग ही जोडी आहे. अमुक वेगाच्या आत, अमुक हवा भरलेली असताना, अमुक भार, असा तो करार आहे. करारातली एक अट मोडली की बाकीच्या अटी आपोआप मोडतात.

जुन्या ड्रायव्हर मंडळींना 'प्लाय'ची भाषा माहीत आहे. आठ प्लाय, सोळा प्लाय असे आपण म्हणतो. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे खरोखर तेवढे थर असत. पुढे नायलॉन आणि पोलादी तार आली, थर कमी झाले, पण ताकद मोजायची ती भाषा तशीच राहिली. आज सोळा प्लायच्या टायरमध्ये सोळा थर असतातच असे नाही. म्हणून प्लाय विचाराच, पण भार-निर्देशांकही वाचा.

सारखा दिसणारा टायर सारखा नसतो

आता मुख्य मुद्दा. ज्याला सगळे जण 'छोटा हत्ती' म्हणतात तशा लहान चारचाकी टेंपोंना अनेकदा १४५ आर १२ मापाचा, माल वाहण्यासाठी बनवलेला, आठ प्लायचा टायर असतो. त्याच्यावर ८६/८४ असे दोन आकडे असतात. त्याचा अर्थ एकेरी बसवला तर ५३० किलो, जोडीने बसवला तर प्रत्येकी ५०० किलो. जोडीत कमी का? कारण दोन टायरांवर भार कधीच अगदी सारखा वाटला जात नाही. एकात हवा थोडी कमी असली, रस्ता एका बाजूला उतरता असला, की दुसऱ्यावर जास्त बोजा येतो. हे गृहीत धरूनच आकडा कमी लिहिलेला असतो.

त्याच १२ इंची रिमवर छोट्या मोटारीचा १४५/८० आर १२ हा टायरही चढतो. रुंदी तीच, रिम तीच, लांबून पाहिले तर उंचीही तेवढीच. पण त्याचा निर्देशांक असतो ७४, म्हणजे ३७५ किलो. किमतीत फरक पडतो, त्यामुळे मोह होतो.

आता हिशोब करू. भरलेला टेंपो दीड टनाच्या आसपास, समजा १५५० किलो. मागच्या ॲक्सलवर त्यातले ९५० किलो आले, तर मागच्या एका टायरवर ४७५ किलो. मालवाहू टायर ५३० किलो पेलतो, म्हणजे सुरक्षित आहे. मोटारीचा टायर ३७५ पेलतो, म्हणजे त्याच्यावर १०० किलो जादा भार आहे, आणि तोही कायद्याने परवानगी असलेलाच माल भरलेला असताना. वर आणखी चार पोती टाकली तर काय होईल हे सांगायला नको.

काही ठिकाणी ह्यावर उपाय म्हणून मोटारीच्या टायरमध्ये मालगाडीची हवा भरतात. आठ प्लायच्या त्या टायरला साधारण ६५ पौंड हवा लागते, मोटारीच्या टायरला तिच्या निम्म्याच्या आसपास. ६५ पौंड भरल्याने मोटारीचा टायर मालवाहू होत नाही. तो फक्त दगडासारखा कडक होतो, आणि एखाद्या खड्ड्यात त्याची दोरी तुटते.

हीच गोष्ट मोठ्या ट्रकची. केंद्र सरकारने १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ट्रकांचा सुरक्षित ॲक्सलभार वाढवला. चार टायरांच्या एका ॲक्सलवर पूर्वी १०.२ टन चालत, ते ११.५ टन झाले. दोन ॲक्सलांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. पण कागदावरचा भार वाढला म्हणून रस्त्यावरच्या टायरची ताकद वाढत नाही. सर्वत्र दिसणाऱ्या १०.०० आर २० मापाच्या सोळा प्लाय टायरवर १४६/१४३ असा आकडा असतो. १४३ म्हणजे जोडीत प्रत्येकी २७२५ किलो. चार टायरांचे झाले १०,९०० किलो. जुन्या १०,२०० किलोंना हे पुरत होते, नव्या ११,५०० किलोंना ६०० किलो कमी पडते. त्यासाठी जोडीचा आकडा निदान १४५, म्हणजे २९०० किलो हवा. १४९/१४६ चा टायर घेतला तर चार टायरांचे १२ टन होतात आणि हिशोब बसतो. हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही येतो. तो माल भरण्याच्या फलाटावर कोणी करत नाही एवढेच.

येथे कायद्याची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ मध्ये मालवाहू वाहनाचे कमाल वजन ठरवताना सरकारने काय पाहावे हे लिहिले आहे. त्यात पहिलाच उल्लेख आहे तो चाकांना लावलेल्या टायरांची संख्या, प्रकार आणि आकार यांचा. म्हणजे कायदाही टायरपासूनच सुरुवात करतो. आपण मात्र शेवटीसुद्धा टायरपाशी पोचत नाही.

हवा, उष्णता आणि गैरसमज

टायर भार पेलतो तो रबराच्या जोरावर नव्हे, आतल्या हवेच्या जोरावर. रबर आणि दोरी ही त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी आहे. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते. वाकल्याने आत उष्णता तयार होते. गाडी चालतच राहिली तर ती उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही, थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि एका क्षणी टायर फाटतो. जादा भार टाकला तरी नेमके हेच होते. म्हणजे "हवा कमी" आणि "भार जास्त" ही एकाच रोगाची दोन नावे आहेत. आपल्याकडे गरम ॲक्सल-बॉक्सला जसे आपण घाबरतो, तसेच गरम टायरला घाबरले पाहिजे.

ह्याबाबत एक मोठा गैरसमज आहे. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून पुष्कळ जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. हे उलटे आहे. कमी हवेने टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, उत्पादकाने दिलेल्या आकड्याएवढी हवा भरावी. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत असतो. बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. घरची मंडळी आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळावा. रस्त्यात गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती सोडू नये.

टायरचे वय हाही प्रश्न आहे. बाजूला एका लंबगोलात चार अंक असतात. "२३१९" असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. झीज न झालेला पण जुना टायर उन्हाने कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात. पाच-सहा वर्षे झाली की जाणकाराला दाखवावा. आणि झिजण्याची हद्द तर नियमातच आहे. मोटारीला खाचेची खोली निदान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर पाहिजे. ह्याच्या खाली गेलेला टायर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी बाद.

आपल्या घरचे हिशोब

पोस्टमन बंधूंसाठी प्रथम. पूर्वी पिशवीत पत्रे होती, आता पार्सले आहेत. सीटच्या मागे खोका बांधतात. खोका मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेला, की तो स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकावर टाकतो. दोन चाकांत १२५ सेंटिमीटर अंतर आहे आणि ३० किलोचा खोका मागच्या आसाच्या २५ सेंटिमीटर मागे आहे असे धरा. मागच्या चाकावर ३० नव्हे, ३६ किलो वाढतात, आणि पुढच्या चाकावरचे ६ किलो कमी होतात. पहारीने रूळ सरकवणाऱ्या आपल्या गँगमनला हा तरफेचा नियम वेगळा सांगायला नको. पुढचे चाक हलके झाले की वळणावर आणि ओल्या रस्त्यावर हँडल ऐकत नाही. बोजा शक्य तेवढा पुढे आणि खाली बांधावा.

आता नेहमीची स्कूटर. तिच्या ९०/१००-१० मापाच्या टायरवर ५३ जे असे असते, म्हणजे २०६ किलो. स्कूटर ११० किलो, दोन माणसे १४० किलो, पायाशी भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो. एकूण २८०. त्यातला साधारण दोन-तृतीयांश भार मागच्या चाकावर धरला तर १८७ किलो होतात. म्हणजे हवा पूर्ण असेल तर १९ किलोंची सवड आहे. मध्ये एक मूल बसवले की ती सवड संपते. हवा निम्मी असली तर ती मुळातच नव्हती.

शेवटी सुटीची मोटार. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे आरक्षण मिळत नाही म्हणून रेल्वेचाच माणूस मोटार काढतो, हा आपला विनोदही आहे आणि दुखणेही. समजा, छोटी मोटार ७५० किलोची आहे. पाच मोठी माणसे ३५० किलो, दोन मुले ५० किलो, आणि सामान, त्यात टपावरचे तांदळाचे पोते धरून, १०० किलो. झाले १२५० किलो. मागे बसणारे जास्त आणि डिकी भरलेली, म्हणून मागच्या ॲक्सलवर ७२५ किलो आले तर एका टायरवर ३६२ किलो. टायर ७४ चा असेल तर मर्यादा ३७५. उरले १३ किलो. एका बाजूला वजनदार माणसे बसली की तेही संपले. आणि अशा गाडीने तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी करत बेळगावपर्यंत पाचशे किलोमीटर भर उन्हात जायचे. हे वाचून कोणी गावी जाणे रद्द करू नये. पण टपावरचे पोते खाली उतरवावे, हवा भरून घ्यावी आणि वेग आवरावा.

नवा टायर घेताना नियम एकच. मूळ गाडीला जो भार-निर्देशांक दिला आहे त्याच्याएवढा किंवा जास्त घ्यावा, कमी कधीही घेऊ नये. शोभेसाठी मोठी रिम आणि बसका, रुंद टायर बसवणाऱ्या तरुण मंडळींनी हे विशेष पाहावे. रुंद टायर जास्त भार पेलतोच असे नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जास्त क्षमतेचा टायर घातला म्हणून गाडीत जास्त माल भरता येत नाही. स्प्रिंग, ॲक्सल, ब्रेक आणि सांगाडा तेच असतात. गाडी तुटते ती सर्वांत कमजोर कपलिंगपाशी, हे आपण जाणतोच. टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आहे का तेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल घेऊन तेवढी सवलत मिळाली का हेही तपासावे.

"टायर फुटला" एवढ्यावर चौकशी संपू नये

महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सलग, सरळ, काँक्रीटचा रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. गावातल्या रस्त्यावर जो टायर खपून जातो तो येथे उघडा पडतो. अपघात वाढले तेव्हा परिवहन खात्याला टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली.

ह्याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. प्रथम सांगितले गेले की टायर फुटला. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही असे म्हटले गेले. ही घटना आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण तिच्यात दोन धडे आहेत. "टायर फुटला" हे सोयीचे उत्तर आहे, तपासल्याशिवाय ते मान्य करू नये. आणि खरोखर टायर फुटला असला तरी तेथे चौकशी संपत नाही, तेथून ती सुरू होते. टायर आपल्या मनाने फुटत नाही. तो कोणत्या आकड्याचा होता, त्याच्यावर भार किती होता, भार कोणी घालायला सांगितला, टायर कोणी विकत घेतला, हवा कोण तपासत होते, हे प्रश्न विचारले पाहिजेत. रेल्वेत अपघात झाला की चाकांची मापे लिहून घेतात. तरीही शेवटी "मानवी चूक" म्हणून लहान माणसाच्या माथी मारण्याचा प्रयत्न होतो, हा आपला अनुभव. रस्त्यावर तर मापेही लिहून घेतली जात नाहीत.

भार डोळ्यांना दिसत नाही, हे आपल्या शहराने अलीकडेच पाहिले आहे. तुमकुरू रस्त्यावरच्या पीण्याच्या उड्डाणपुलाच्या आतल्या पोलादी केबलांत दोष आढळला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो वाहतुकीस बंद झाला. हलकी वाहने काही आठवड्यांनी सुरू झाली, पण अवजड वाहनांना जुलै २०२४ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही वेगाची मर्यादा घालूनच. वरून तो पूल पूर्वीसारखाच दिसत होता. ज्यांनी आतून तपासला त्यांनाच कळले. टायरचे तसेच आहे.

आपल्या मागण्या आणि आपले हक्क

टपालाच्या आणि पार्सलांच्या बऱ्याच फेऱ्या आज कंत्राटी वाहनांनी होतात. रेल्वेतही गँगला कामाच्या जागी नेण्यासाठी भाड्याची वाहने घेतली जातात. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, आणि दर कमी केला की पहिली काटछाट टायरमध्ये होते. त्या वाहनात बसणारा आणि ते चालवणारा माणूस आपला आहे, मग त्याच्या नावापुढे कायम लिहिलेले असो की कंत्राटी. म्हणून शाखांनी स्थानिक बैठकांत पुढील मुद्दे लेखी मांडावेत:

१. प्रत्येक कंत्राटात टायरचे माप, भार-निर्देशांक आणि बनावटीचे साल लिहिलेले असावे. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर चालणार नाहीत अशी अट असावी.

२. वाहनाचे रिकामे वजन, भरलेले वजन आणि हवेचा आकडा दारावर रंगवलेला असावा, वाघिणीवर असतो तसा.

३. टपालाच्या थैल्या आणि पार्सले चढवताना वजनाची नोंद व्हावी. आपल्या एसएलआर डब्यात एका कप्प्याला ४ टनांची मर्यादा आहे, मग टेंपोला मर्यादा का नसावी?

४. ज्या वाहनातून माणसे नेली जातात त्यात त्याच वेळी रेल्वेचे अवजड सामान भरू नये.

५. हवा मोजण्याचे यंत्र प्रत्येक डेपोत असावे. त्याची किंमत एका टायरच्या मानाने काहीच नाही.

ड्रायव्हर बंधूंनी कायदाही लक्षात ठेवावा. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ प्रमाणे जादा भार नेल्यास २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये आहेत. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. हा दंड चालवणाऱ्याला आहे तसाच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. कलम ११३ मध्ये तर असेही म्हटले आहे की ड्रायव्हर हा मालक नसेल, तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने नेला असे न्यायालय गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली परमजित भसीन खटल्यात जादा भारावर कडक भूमिका घेतली. तेव्हा "मी काय करू, साहेबांनी सांगितले" असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. भार जास्त आहे असे वाटले तर तारीख-वेळ घालून लेखी कळवावे आणि एक प्रत शाखेत द्यावी. लिहिलेला कागद पुढे कामाला येतो, तोंडी बोलणे येत नाही.

ह्या महिन्याच्या शाखा सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या वाहनाच्या टायरवरचा आकडा लिहून आणावा. पदाधिकाऱ्यांनी वरील तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि जेथे कमी भरेल तेथे त्या सभासदाला सांगावे. कंत्राटी वाहनांची यादी वेगळी करावी आणि ती पुढील बैठकीच्या आठ दिवस आधी आमच्याकडे पाठवावी. यादी हाती आली की प्रशासनाशी बोलणे सोपे जाते. आपण वाघिणीवरचा आकडा आयुष्यभर वाचत आलो आहोत. टायरवरचा वाचायला फार तर खाली वाकावे लागेल.